घरात दोन भाषा आहेत, पुढची शिकायची आहे? मग हे वाचून घ्या

आमच्या घरी कन्नड, शाळेत मराठी आणि भिंतीपलीकडे तेलुगू. सोलापुरात पूर्व भागाच्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीच्या, कडेला वाढलेल्या पोरांना याचं काही नवल वाटत नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना आईने मला शेजारच्या विणकर घरात मोठं पातेलं मागायला पाठवलं. शेजारच्या काकूंनी पातेलं हातात घेतलं आणि विचारलं, "एम् अवसरम्?" कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. मला वाटलं, एवढी कसली घाई असं विचारतायत. मी ऐटीत तेलुगू फेकलं, "अवसरम् लेदु." काकूंनी पातेलं परत फळीवर ठेवलं. तेलुगूत अवसरम् म्हणजे गरज. त्यांनी विचारलं होतं, कशाला हवंय? आणि मी सांगितलं होतं, गरज नाही.

त्या दिवशी आईकडून बोलणी खाल्ली, पण डोक्यात जो किडा शिरला तो आता अठ्ठावन्नाव्या वर्षीही गेलेला नाही. चार भाषा मला आयत्या मिळाल्या: कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी. त्यानंतर तेलुगू, उर्दू, बंगाली, जर्मन, फ्रेंच, जपानी आणि सध्या तमिळ अशा सात मी स्वतःहून हाती घेतल्या. त्यातल्या दोन पार सुटल्या, एक अर्धीच आली. बँकेतली नोकरी, बदल्या, दोन मुलं हे सगळं सांभाळून केलेला उद्योग आहे, त्यामुळे यातलं काहीही रोज चार तास मोकळे असणाऱ्यांसाठी नाही. तुमच्याकडे रोजची तीस-चाळीस मिनिटं असतील तर पुढे वाचा.

१. आधी घरातल्या भाषांची झडती घ्या

नवी भाषा शिकणारा माणूस बहुधा पहिल्या दिवशी पुस्तक विकत आणतो. तुम्ही वही घ्या आणि आपल्याकडे आधीच काय आहे ते लिहून काढा. दोन भाषांत वाढलेल्या माणसाकडे फुकटचा माल भरपूर असतो, आणि तो वापरायचं त्याच्या लक्षातच येत नाही.

आवाजांपासून सुरुवात करा. मराठी माणसाकडे दोन च आहेत, चारातला आणि चाकातला. हिंदीवाल्याला जपानी 'त्सुनामी' किंवा जर्मन 'त्साइट' (म्हणजे वेळ) म्हणताना जीभ अडखळवावी लागते. आपण चाकातला च लावला की काम झालं. आपल्याकडे ळ आहे, म्हणून कन्नड-तेलुगूचा ळ शिकावा लागत नाही. उलट बंगालीत ळ नाही आणि व-ब चा भेद नाही, तिथे आपलं जास्तीचं सामान बाजूला ठेवावं लागतं.

मग वाक्याची ठेवण. जपानीची सगळ्यांना भीती वाटते. हे वाक्य बघा: 'वाताशि वा पुने नि सुन्दे इमास.' मी, पुणे, त, राहते. 'नि' आपल्या 'त'सारखा नामाच्या मागे येऊन चिकटतो आणि क्रियापद मुकाट्याने शेवटी बसतं. इंग्रजीतून जपानी शिकवणारं पुस्तक या एका गोष्टीवर दोन धडे खर्च करतं. तुम्ही ते धडे उलटून पुढे जा. माझं ठाम मत आहे की मराठी माणसाने जपानी इंग्रजीतून समजून घेऊच नये. मनातल्या मनात मराठीत उलगडावं.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे आम्ही आणि आपण. 'आम्ही जेवणार आहोत' म्हटलं की समोरच्याने निघायचं, 'आपण जेवू' म्हटलं की त्याने पाटावर बसायचं. हा भेद तेलुगूत आहे (मेमु आणि मनम्), तमिळमध्ये आहे (नांगळ् आणि नाम), गुजरातीत आहे. हिंदीत नाही, आणि माझ्या कन्नडमध्येही नाही, तिथे एकच नावु. म्हणजे तेलुगूतलं मेमु-मनम् मला घरच्या कन्नडने नव्हे, शाळेतल्या मराठीने शिकवलं. तरीही बँकेत एकदा तेलुगू सहकाऱ्याला चहाला बोलावताना घाईत मेमु म्हणून गेले. तो बिचारा खुर्चीतच बसून राहिला.

शब्दांचा साठाही काढा. अण्णा, अक्का, तूप, हुडकणे, अडकित्ता हे कानडीशी नातं सांगणारे शब्द आहेत. पगार, चावी, बादली, घमेलं, पाव, बटाटा हे पोर्तुगीजांकडचे. दरवाजा, शहर, जमीन, बाजार फारसीतून आलेले, म्हणजे उर्दूचं पहिलं पान तुम्हाला आधीच येतं.

अशी यादी करताना एक गैरसमजही गळून पडतो. 'मातृभाषा एक, बाकीच्या उसन्या' असं आपल्याला वाटत असतं. द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि त्यांना १९७३चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेसाठी. काही वर्षं ते आमच्या सोलापुरातल्या कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक होते. वडील हे सांगताना आवाज बदलून सांगत, जणू बेंद्रे आमच्याच बोळात राहायला होते.

२. कोणाशी बोलणार ते ठरवा, भाषा त्यानंतर

नवखे लोक विचारतात, कोणती भाषा सोपी? मी उलट विचारते, आठवड्यातून दोनदा तुम्ही ती कोणाशी बोलणार? नाव सांगता येत नसेल तर थांबा. सोसायटीचा वॉचमन, ऑफिसातली शेजारीण, सुनेचे माहेरचे, भाजीवाला, कोणीही चालेल. माझी बंगाली सुटली त्याचं कारण एवढंच की पुस्तक होतं, गाणी होती, मिष्टी दोईची आवड होती, माणूस नव्हता. तेलुगू मात्र तीस वर्षं सोलापूरबाहेर राहूनही शाबूत आहे, कारण त्या पातेलंवाल्या काकूंची लेक अजून फोन करते.

विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषा हाती घेतल्या होत्या. आपल्याला इतकी सवड सरकार देणार नाही, तेव्हा एका वेळी एकच घ्या. जवळच्या दोन भाषा एकदम तर मुळीच नकोत. तेलुगू आणि तमिळ एकत्र शिकणारी माझी मैत्रीण सहा महिन्यांनी दोन्हींची मिसळ बोलायला लागली, आणि ती हैदराबादेतही कळेना आणि चेन्नईतही.

परदेशी भाषा घेणार असाल आणि बोलायला कोणी नसेल तर क्लास हाच माणूस. त्याबद्दल पुढे.

३. काय काय लागतं

फार काही नाही. दोनशे पानी वही (खूप सुंदर आणू नका, खराब करायला जीव होत नाही), कोऱ्या पत्त्यांचा गठ्ठा किंवा जाड कागद कापून केलेले तुकडे, बुटांचं रिकामं खोकं, इयरफोन, आणि मोबाईलच्या कीबोर्डमध्ये त्या भाषेची जोडणी. ही शेवटची गोष्ट पहिल्याच दिवशी करा, म्हणजे दोन ओळींचा निरोपही त्याच लिपीत जाईल.

पुस्तकासाठी लगेच पैसे घालू नका. बालभारती मराठीखेरीज हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी या माध्यमांचीही पाठ्यपुस्तकं काढते, आणि ती संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पहिलीचं कन्नड पुस्तक घ्या. त्यातली चित्रं आपल्याच गावची असतात, बैलगाडी, आजी, एसटी, त्यामुळे अर्थ आपोआप लागतो. मोठ्या माणसाला पहिलीचं पुस्तक उघडायची लाज वाटते. मी लोकलमध्ये त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत असे. उर्दूच्या पुस्तकाला मराठी पेपरचं कव्हर, बाजूचे लोक बराच वेळ बघत राहायचे.

जर्मनसाठी डॉइचे वेले आणि जपानीसाठी एनएचके वर्ल्ड या प्रसारण संस्थांचे धडे फुकट आहेत आणि चांगले आहेत. क्लास लावला तरी तेही ऐका.

४. पहिला महिना कानाचा आणि तोंडाचा

पहिल्या महिन्यात व्याकरणाला हात लावू नका. दहा वाक्यं पाठ करा, पण 'माझं नाव अमुक आहे' छापाची नकोत. पुढचं शिकायला मदत करतील अशी वाक्यं हवीत. कन्नड शिकत असाल तर ही तीन आधी: 'इदक्क एनंतार?' (याला काय म्हणतात?), 'इन्नोम्मे हेळ्री' (पुन्हा सांगा), 'सावकाश माताड्री' (हळू बोला). शेवटच्या वाक्यातलं सावकाश तुमचंच आहे, बघा. ही तीन वाक्यं आली की समोरचा माणूसच तुमचा मास्तर होतो, आणि फी म्हणून चहा पुरतो.

ही वाक्यं आमच्या उत्तरेकडच्या कन्नडमधली आहेत. बेंगळुरूत बोललात तर लोक हसतील, पण कळेल त्यांना. इथे एक सापळा आहे. बहुतेक भाषांत पुस्तकातलं एक असतं आणि तोंडातलं दुसरं. तमिळमध्ये तर हे अंतर फारच मोठं: पुस्तकात 'इरुक्किरदु' (आहे), रस्त्यावर नुसतं 'इरुक्कु'. ज्या माणसाशी बोलणार आहात त्याच्या तोंडातलं आधी शिका. सोलापुरी मराठीत 'काय करलालास बे' म्हणणाऱ्याला सदाशिव पेठेतलं मराठी नंतर शिकवता येतं.

आणि अर्धं कळलं तरी मान हलवून गप्प बसू नका. दोन भाषांच्या घरातल्या पोरांना न कळलेलं हसून पुढे ढकलायची सवय असते. सुरुवातीला ती उपयोगी पडते, संवाद तुटत नाही. पण रोजच्या एका बैठकीत निदान दोनदा तरी थांबवून विचारायचंच, असा मी स्वतःला नियम घालून घेतला आहे.

५. लिपी: देवनागरीची कुबडी लवकर टाका

ही पायरी सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा तपशिलात.

महिनाभर देवनागरीत लिहून घेतलंत तर चालेल. त्यापुढे नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आपल्या देवनागरीत तो फरक दाखवायची सोयच नाही. कन्नडमध्ये 'बेळे' ऱ्हस्व ए ने म्हटलं तर पीक, दीर्घ ए ने म्हटलं तर डाळ. 'कोडु' ऱ्हस्व ओ ने म्हटलं तर 'दे', दीर्घ म्हटलं तर शिंग. वहीत दोन्ही सारखेच दिसणार. माझ्या नवऱ्याने (तो शुद्ध मराठी, साताऱ्याचा) माझ्या आईला एकदा फोनवर विचारलं, यंदा डाळ कशी आहे? त्याला म्हणायचं होतं पीक. आईने डब्यातली तूरडाळ तपासून सांगितलं, किडे नाहीत.

लिपी शिकायची पद्धत: रोज पाच अक्षरं, प्रत्येकी एक ओळ, आणि लगेच त्या अक्षरांनी बनणारे खरे शब्द. अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही, मी लावून बघितलाय. दुकानांच्या पाट्या, बसवरची गावांची नावं, बिस्किटाच्या पुड्यावरचं छापील वाचत सुटा. अक्कलकोटच्या पुढे एसटीने गेलं की पाट्या बदलायला लागतात, त्या प्रवासात माझ्या मुलांनी निम्मी कन्नड अक्षरं ओळखायला घेतली.

कन्नड आणि तेलुगू लिप्या सख्ख्या बहिणी आहेत. एक आली की दुसरी पंधरा दिवसांत येते. अडचण एवढीच की पुढे वर्षभर दोन्हींची सरमिसळ होते.

उर्दूचं वेगळं. अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं रूप घेतं, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. शिवाय 'ज़' या एका आवाजाला चार अक्षरं: ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय. 'स'ला तीन. कोणत्या शब्दात कोणतं, याला नियम शोधू नका, शब्द जसाच्या तसा डोळ्यांत बसवा. माझ्या सहकाऱ्याची मुलगी दुसरीत होती, ती माझ्या वहीतल्या चुका लाल पेनाने काढायची आणि शेवटी 'ठीक' असा शेरा द्यायची. 'उत्तम' शेवटपर्यंत मिळाला नाही.

जपानीत हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. दोन्ही मिळून एका महिन्यात होतात. कांजी (चिनीतून घेतलेली चिन्हं) हा मात्र आयुष्यभराचा मामला आहे. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. तो आकडा वाचून विसरून जा. सगळ्यात सोप्या पातळीच्या परीक्षेला साधारण शंभर पुरतात.

६. शब्द पाठ करायचं खोकं

१८८५मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर हळूहळू. बुटांच्या खोक्याची युक्ती त्यावरच बेतलेली आहे. ती लाइटनर पेटी म्हणून ओळखली जाते.

खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. पत्त्याच्या एका बाजूला नवी भाषा, मागे अर्थ. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवला तर पत्ता पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर कितीही पुढे असला तरी सरळ पहिल्यात. मोबाईलवर हेच काम आंकी नावाचं अ‍ॅप करतं. मी दोन्ही वापरते, पण हाताने लिहिलेला शब्द जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे.

सापळा असा की उत्साहाच्या भरात माणूस रोज तीस पत्ते टाकतो. दहाव्या दिवशी उजळणीचाच शंभरावर ढीग होतो, दोन दिवस घरात लग्नकार्य निघतं, आणि खोकं माळ्यावर जातं. रोज सात. त्याच्या वर नाही.

पत्त्यावर सुटा शब्द लिहू नका, कोणाच्या तरी तोंडून ऐकलेलं वाक्य लिहा. ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दांना तर लाल शाईने खूण करा, कारण फसवतात ते तेच. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत ती झाली की माणूस तुरुंगात जातो. कन्नडमध्येही 'शिक्षे' म्हणजे दंडच. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न, बंगालीतही. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी, पण कन्नड-तेलुगूत व्याख्यान. उलट कादंबरीला कन्नडमध्येही कादंबरीच म्हणतात. आणि बंगाली माणूस राग आला म्हणतो तेव्हा त्याला आपल्यासारखाच राग आलेला असतो, हिंदीवाल्याचा गाण्यातला राग नव्हे. माझ्या खोक्यात अशा शब्दांचा वेगळा गठ्ठा आहे आणि सगळ्यात वर अर्थातच अवसर.

७. व्याकरण: चौथ्या महिन्यापासून, थोडंथोडं

जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, तो-ती-ते. हे कळल्यावर मी फार खूश झाले होते. पण मग सूर्य 'ती' निघाला आणि चंद्र 'तो'. मुलगी तर चक्क 'ते'. आपण मराठीत ते टेबल, ती खुर्ची, तो पंखा कुठल्याही नियमाशिवाय बोलतो आणि परक्याने चुकवलं की हसतो. ते हसणं आता फेडावं लागतं. उपाय एकच, पत्त्यावर नाम कधीच एकटं लिहायचं नाही, त्याच्या 'डेअर-डी-दास'सकट (म्हणजे तो-ती-ते सकट) लिहायचं.

जोडवाक्यात मात्र जर्मन आपल्या बाजूने येते. 'कारण मला आज वेळ नाही' हे जर्मनमध्ये म्हणताना क्रियापद उचलून शेवटी नेतात. वर्गातली इंग्रजी माध्यमाची मुलं तिथे घामाघूम झाली होती. मी पहिल्यांदाच हात वर केला.

८. क्लास आणि परीक्षा

परीक्षा द्यावी का? नोकरी, शिक्षण किंवा व्हिसासाठी लागत असेल तर द्यावीच लागते. नसेल तरी एकदा द्या, तारीख ठरली की अभ्यास होतो.

पुण्यात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन (म्हणजेच गोएथे इन्स्टिट्यूट), फ्रेंचसाठी आलियॉन्स फ्रॉन्सेज, आणि अनेक भाषांसाठी रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. युरोपीय भाषांच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा. जपानीची जेएलपीटी परीक्षा एन-५ पासून सुरू होते आणि एन-१ सगळ्यात वरची, म्हणजे आकडा उतरतो तशी परीक्षा चढते. ती जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्यात केंद्र आहे. अर्ज काही महिने आधी निघतात, तेव्हा तारखेवर डोळा ठेवा.

परीक्षेत काय तपासतात ते आधी बघा. जेएलपीटीत बोलायची आणि लिहायची परीक्षाच नसते, सगळे पर्यायी प्रश्न. एन-५ला १८०पैकी ८० गुण पुरतात, पण ऐकण्याच्या भागात निदान १९ हवेतच. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही जपानी पाहुण्यासमोर मुकी बसणारी माणसं मी पाहिली आहेत. काही दिवस त्यात मीही होते. गोएथेच्या जर्मन बी-१ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार वेगळे भाग असतात आणि प्रत्येकात १००पैकी ६० लागतात. मी लेखनात ५४वर आपटले. बरं एवढंच, की राहिलेला भागच पुन्हा देता येतो.

जवळ ठेवायची कागदपत्रं:
- फोटो असलेलं ओळखपत्र. परदेशाचा विचार असेल तर पासपोर्टच
- पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो, छापील आणि मोबाईलमध्येही
- आधीच्या पातळीचं प्रमाणपत्र, मधूनच प्रवेश हवा असेल तर
- फी भरल्याची पावती आणि प्रवेशपत्र, दोन्हींच्या छापील प्रती

आणि नाव. अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे. माझ्या अर्जावर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं. परीक्षेच्या दारात पाऊण तास उभी होते, शेवटी लग्नाच्या दाखल्याचा फोटो नवऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तेव्हा आत सोडलं. श्रवणाची परीक्षा तोवर सुरू व्हायची होती, हे नशीब. लग्न झालेल्या बायकांनी हे आधी तपासा. आणि ज्यांच्या नावात वडिलांचं नाव कधी मध्ये तर कधी शेवटी लागतं त्यांनीही.

खासगी क्लास निवडताना एकच प्रश्न विचारा, बॅचमध्ये किती जण? मी पहिल्यांदा जिथे पैसे भरले तिथे 'तीन महिन्यांत अस्खलित' असं पत्रक होतं आणि वर्गात अठ्ठेचाळीस डोकी. तीन महिन्यांत मी सगळी मिळून वीस मिनिटं जर्मन बोलले असेन. फी परत मिळत नाही हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ते मी जर्मन शिकायला लागल्यावर नव्हे, मराठीतच वाचायला हवं होतं. एक तास फुकट बसू देत असतील तर बसा, आणि विद्यार्थी बोलतायत की मास्तर एकटेच, ते मोजा.

९. टिकवणं

सुरुवातीची नशा असते. नवी लिपी, पहिला विनोद कळणं, पहिल्यांदा कोणीतरी 'अरे वा, तुम्हाला आमची भाषा येते?' म्हणणं. सहा महिन्यांनी ती उतरते आणि आपल्यासारख्या हौशी माणसाची नजर पुढच्या भाषेकडे जाते. माझी फ्रेंच अशीच गेली, जपानीच्या नादात. नवी सुरू करायच्या आधी जुनीला आठवड्यात एक पक्की जागा द्या. माझ्याकडे तेलुगू रविवारचा फोन आहे, जर्मन म्हणजे भांडी घासताना बातम्या, उर्दू म्हणजे रात्री एक पान. ज्या भाषेला जागा देता आली नाही ती मी मोजत नाही.

सध्या तमिळ चालू आहे. माणूस मिळाला: वरच्या मजल्यावर मदुरैचा एक मुलगा राहायला आलाय, रात्रपाळी करून सकाळी सातला परततो. तमिळमध्ये ळ च्या शेजारी आणखी एक आवाज आहे, तमिळ या नावातच शेवटी येतो तो, जीभ मागे वळवून पण टाळूला न लावता काढायचा. केळ्याला 'वाळप्पळम' म्हणतात, त्यात तो दोनदा. मी तीन आठवडे आरशासमोर जीभ वळवत होते, गॅसवर दूध उतू गेलं एकदा. परवा जिन्यात तो आईशी फोनवर बोलत होता, तेच केळं निघालं बोलण्यात, आणि पोरगा सरळ आपल्या मराठी ळ ने म्हणाला. मी त्याला थांबवून विचारलं. तो हसून म्हणाला, "आक्का, आमच्याकडे घरी सगळे असंच म्हणतात."